मागच्या ब्रेक ड्रमची पकड आधी सोडवा, मग ड्रम ओढा

मागचा ब्रेक ड्रम निघत नसेल तर त्याला आतून कशानं तरी धरून ठेवलेलं असतं. हँडब्रेकची ताणलेली केबल, ड्रमच्या आतल्या कडेला पडलेला काठ, नाहीतर मधल्या भोकाशी धरलेला गंज, यातलं एखादं किंवा दोन एकदम. नेमकं काय अडलंय ते न बघता हातोडा चालवला की ड्रमची कड फुटते, बॅक प्लेट (ड्रमच्या मागची, गाडीला पक्की बसवलेली पत्र्याची थाळी) वाकते आणि बेअरिंगच्या कड्यांवर गोळ्यांचे व्रण उठतात. नंतर चाक घूंऽ घूंऽ करायला लागतं आणि दोष मात्र नव्या लायनरला, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीला जातो. म्हणून या लेखात ड्रम काढण्यावर जास्त लिहिलं आहे. नीट निघालेला ड्रम बसताना फारसा त्रास देत नाही.

ही रीत मारुती ८००, आल्टो, झेन, वॅगनआर अशा गाड्यांसाठी आहे, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या चाकांना, पुढे डिस्क आणि मागे ड्रम. ओम्नी, ईको आणि छोटा हत्ती यांना जोर मागच्या चाकांतून मिळतो, त्यामुळे त्यांचा ड्रम वेगळ्या पद्धतीनं बसवलेला असतो. तो फरक पुढे येईलच. कुठल्याही गाडीचं काम करताना तिची पुस्तिका जवळ असावी, कारण नट किती आवळायचा हा आकडा मॉडेलनुसार बराच बदलतो आणि शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला चालत नाही.

सोलापुरात हे काम जरा लवकर लवकर करावं लागतं. उन्हाळ्यात पारा ४० च्या पुढे जातो, त्यात व्हील सिलिंडरची (ब्रेक ऑइलच्या दाबानं लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या छोट्या सिलिंडरची) रबरं कडक होतात. धूळ तर बारा महिने आहे. आणि आपल्याकडे पावसाचा जोर सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर. त्या महिन्यात शेतरस्त्यावरून, उसाच्या ट्रॅक्टरनं तुडवलेल्या चिखलातून गाडी नेली की काळी माती ड्रम आणि बॅक प्लेट यांच्यामधल्या फटीत शिरते आणि वाळली की दगडासारखी घट्ट होते. ड्रम उघडायचे ते दसऱ्याच्या आसपास, पाऊस सरल्यावर. नाहीतर दर २०,००० किमीला एकदा. हँडब्रेक नेहमीपेक्षा वर येऊ लागला, मागून खरखर यायला लागली, ब्रेक ऑइल कमी दिसलं किंवा एक चाक दुसऱ्यापेक्षा जास्त तापू लागलं, तर मात्र दसऱ्याची वाट बघायची नाही.

जागा आणि सामान

जागा सपाट आणि कठीण हवी. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर जॅक लावू नका, डांबर मऊ होऊन त्याचा पाय खचतो. अंगणात शहाबादी फरशी असेल तर ती जास्त फसवी. फरशीखाली पोकळी असली तर गाडीचं वजन एका बिंदूवर आल्याबरोबर ती तडकते. काळ्या मातीच्या मोकळ्या प्लॉटमध्ये तर विचारायलाच नको. तिन्ही ठिकाणी उपाय एकच: दीड-दोन इंच जाडीची रुंद लाकडी फळी जॅकखाली आणि घोडीखाली. घोडी, म्हणजे जॅक स्टँड, हवीच. गाडीबरोबर येणारा जॅक चाक बदलण्यापुरता असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही. विटांचा ढीग हा घोडीला पर्याय नाही, वीट अचानक चिरते.

बाकी सामान: चाकाचा पाना, गोटी (सॉकेट) पाने आणि लांब दांडा, टॉर्क पाना (नट किती जोरानं आवळला ते दाखवणारा), दोन चपटे स्क्रू ड्रायव्हर (एक लांब), नोज प्लायर, बारीक छिन्नी, लाकडी किंवा रबरी हातोडा आणि साधा हातोडा, वायर ब्रश, १२० नंबरचा पॉलिश पेपर, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, उष्णता सोसणारं ग्रीस, तोंडाला चांगला मास्क. आणि पुसायला साधं, विणीचं सुती कापड. टॉवेलचं कापड नको. आपल्या गावात जुन्या टॉवेलांची आणि मागाच्या वेस्टची (मागावर उरलेल्या सुताची) कमी नाही, प्रत्येक गॅरेजात ते हाताशी असतं, पण टॉवेलाचे फासे आणि वेस्टचे धागे बेअरिंगच्या ग्रीसला चिकटून आत जातात. हात पुसायला वेस्ट ठीक, बेअरिंगजवळ नाही.

गाडीत ठोकून दाबायचे नट असतील तर नवे आणून ठेवा. बेअरिंगवाल्या ड्रमचा (तो कसा ओळखायचा ते पुढे आहे) मधला नट ठोकून खाचेत दाबलेला असतो. तो एकदा उघडला की पुन्हा वापरायचा नसतो. कॅसल नट (वरच्या कडेला खाचा असलेला) आणि त्या खाचांतून जाणारी स्प्लिट पिन असेल तर नट परत चालतो, पिन नवीच घालायची.

आपला ड्रम कोणत्या प्रकारचा

चाक काढण्याआधीच हे ओळखता येतं. चाकाच्या मध्यभागी पत्र्याची छोटी वाटीसारखी टोपी दिसली तर ड्रम आणि हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) एकच आहे. बेअरिंगं ड्रमच्या आतच बसवलेली असतात आणि मधला मोठा नट सोडल्याशिवाय ड्रम येत नाही. आल्टो, मारुती ८०० यांचं असं असतं. ओम्नी, ईकोसारख्या गाड्यांत ड्रम म्हणजे नुसता टोप. तो ॲक्सलच्या चकतीवर चाकाच्या बोल्टांमधून सरकवलेला असतो, मध्ये बेअरिंग नसतं. अशा ड्रमच्या तोंडावर बहुधा आटे पाडलेली दोन भोकं असतात, ८ मिमीच्या बोल्टची. त्या भोकांचं काम पुढे येतं.

पहिल्या प्रकारात ड्रमला घाव घालणं म्हणजे बेअरिंगला घाव घालणं. हे कायम लक्षात असू द्या.

काढायला सुरुवात

गाडी जमिनीवर चारी चाकांवर असतानाच जोराची कामं उरकायची. गाडी पहिल्या गिअरमध्ये, हँडब्रेक वर. चाकाचे नट अर्धा फेरा सैल करा, पूर्ण काढू नका. बेअरिंगवाला ड्रम असेल तर मधली टोपी आत्ताच काढा. कडेनं स्क्रू ड्रायव्हर टेकवून हलके ठोके द्यायचे, थोडं फिरवून परत ठोके. एकाच जागी जोर दिला तर टोपी चेपते आणि मग धूळ अडवत नाही. आत दिसणाऱ्या नटाची दाबलेली कड बारीक छिन्नीनं उचलून सरळ करा. ती सरळ न करताच पाना लावला तर स्पिंडलचे (ज्या दांड्यावर ड्रम फिरतो त्याचे) आटे जातात, आणि ते जाणं म्हणजे मोठं खर्चाचं काम. मग लांब दांड्यानं नट एकदा कडक् करून सोडवून घ्या आणि तसाच ठेवा. गाडी घोडीवर असताना एवढा जोर लावायचा नसतो, गाडी घसरते.

आता पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडाचे ठोकळे लावा, गिअर पहिलाच राहू द्या आणि हँडब्रेक पूर्ण खाली करा. ही पायरी विसरली तर ड्रम जन्मात निघणार नाही. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला गिअरमध्ये ठेवलं तर ड्रम फिरत नाही, म्हणून तिथं गिअर न्यूट्रलला आणि पुढच्या चाकांचे ठोकळे जास्त काळजीनं.

पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून एक बाजू उचला, घोडी लावा, जॅक हळूच थोडा उतरवून वजन घोडीवर येऊ द्या. हातानं गाडी चांगली हलवून बघा. हलली तर आत्ताच हलू दे, आपण खाली असताना नको. काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवून ठेवा, घोडी सटकलीच तर गाडी त्यावर येऊन थांबते.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू बंद असली की कुठली स्प्रिंग कुठे होती याचा नमुना समोर राहतो (फक्त ती बाजू आरशातल्यासारखी उलटी असते). उघडण्याआधी आणि उघडल्याबरोबर मोबाइलवर फोटो काढा, दोन-तीन कोनांतून.

ड्रम हातानं फिरवून बघा. इथूनच निदान सुरू होतं.

फिरतच नाही, किंवा फार घट्ट फिरतो. लायनर ड्रमला धरून आहेत. हँडब्रेकचा दांडा खाली असूनही केबल ताणलेली असू शकते. बऱ्याच मारुती गाड्यांत दांड्याच्या बुडाशी, आवरणाखाली, केबल ताणण्याचा नट असतो. तो सैल करा, केबल लोंबेपर्यंत. तेवढ्यानं सुटला तर केबल आत कुठे तरी गंजून अडकतेय हे समजून ठेवा, नंतर ती बघावी लागेल. गाडी पावसात बरेच दिवस हँडब्रेक ओढून उभी असली तर लायनर गंजानं ड्रमला चिकटतात. मग चाक परत लावून, दोन-तीन नट बसवून, चाक पुढे-मागे हिसडा देऊन सोडवता येतं. म्हणूनच गाडी आठवडाभर उभी करायची असेल तर सपाटीवर गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा आणि हँडब्रेक खाली ठेवावा.

फिरतो, पण बाहेर यायला लागला की अडतो. हा सगळ्यात नेहमीचा प्रकार, आणि इथेच लोक जोर लावतात. लायनर जिथे घासतात तिथे ड्रम झिजून खोल होतो, पण त्याच्या बॅक प्लेटकडच्या कडेला लायनर पोचत नाहीत. तिथे मूळची जाडी तशीच राहून एक काठ उभा राहतो. ड्रम बाहेर येताना हा काठ लायनरवर अडतो. तसाच ओढला तर लायनरला बॅक प्लेटशी धरणाऱ्या पिना उपटून येतात. उपाय म्हणजे लायनर आत घेणं. बॅक प्लेटच्या मागून हात घातलात तर एक छोटं रबरी बूच लागेल. ते काढा, त्या भोकातून लांब स्क्रू ड्रायव्हर आत घाला. मारुतीच्या बऱ्याच मॉडेलांत हँडब्रेकचा आतला लिव्हर लायनर धरणाऱ्या स्प्रिंगला टेकून थांबलेला असतो. स्क्रू ड्रायव्हरनं ती स्प्रिंग बाजूला दाबली की लिव्हर आणखी मागे जातो आणि दोन्ही लायनर जवळ येतात. हाताला ते ‘टक्’ असं जाणवतं. काही गाड्यांत याऐवजी दातेरी चक्र असतं, ते एक एक दाता फिरवून लायनर आत घ्यायचे. चक्र उलटं फिरत नसेल तर त्याला अडवणारी पट्टी दुसऱ्या स्क्रू ड्रायव्हरनं उचलून धरावी लागते. ड्रम आतल्या बाजूला परत ढकला, फिरवून बघा, मोकळा झाला की पुन्हा ओढा. घाई केली नाही तर दोन-चार वेळा असं पुढे-मागे करून तो येतो.

मोकळा फिरतो, पण जागचा हलत नाही. हा गंज. टोप-ड्रमच्या बाबतीत मधल्या भोकाच्या कडेला आणि चाकाच्या बोल्टांच्या मुळाशी गंज सोडवणारा स्प्रे थोडासा मारा. थोडासाच, कारण आत गळला तर लायनर खराब होतात. पंधरा-वीस मिनिटं थांबा. ड्रमच्या तोंडावर, दोन बोल्टांच्या मधल्या जाड भागावर, लाकडी हातोड्यानं फिरवत फिरवत ठोके द्या. कडेवर कधीच नाही, ओतीव लोखंड कडेला चटकन फुटतं. मग ती दोन भोकं कामाला येतात. त्यात ८ मिमीचे दोन बोल्ट हातानं बसवा आणि पान्यानं आळीपाळीनं अर्धा अर्धा फेरा आवळत जा. एक बोल्ट पूर्ण आवळून मग दुसरा असं केलं तर ड्रम तिरका होऊन जास्तच धरतो.

बेअरिंगवाल्या ड्रमला मधला नट आणि वायसर काढल्यावर (वायसरची कुठली बाजू बाहेर होती ते बघून ठेवा) सरळ ओढायचं असतं. गॅरेजात यासाठी सरकता घाव देणारा ओढणारा पुलर असतो. घरी करायचं तर चाक परत लावून तीन नट नीट बसवा आणि चाक दोन्ही हातांनी धरून सरळ आपल्याकडे हिसडा द्या. चाकाच्या वजनानं ओढ बरोबर मधून बसते. गाडी मात्र घोडीवर पक्की हवी. ड्रम बाहेर येताना तिरका करू नका, आतलं बेअरिंग किंवा कडी स्पिंडलवर राहून जाऊ शकते. राहिली तर ती हातानं फिरवत काढायची.

ड्रम निघाला की स्टिअरिंगवर एक पुठ्ठा अडकवा: ‘ब्रेक दाबू नये’. घरातलं कुणी सहज गाडीत बसून पेडल दाबलं तर व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर उडतात, ऑइल सांडतं आणि छोटं काम मोठं होतं.

धूळ

आतली काळी पूड फुंकू नका, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरांमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते वरून पाहून ओळखता येत नाही. मास्क लावून ब्रेक क्लीनर मारा, नाहीतर भांडी घासायच्या साबणाचं पाणी स्प्रेच्या बाटलीतून हलकं फवारून पूड ओली करा, कापडानं टिपा, कापड पिशवीत बांधून टाका. रॉकेल, डिझेल, पेट्रोल इथे नको. लायनर ते शोषून घेतो आणि सिलिंडरची रबरं खनिज तेलानं फुगतात.

वाळलेली काळी माती बॅक प्लेटच्या कडेला साठलेली असते. ती लाकडी चपटीनं खरवडा. त्याच फटीतून आत पाणी आणि धूळ जाते, म्हणून रबरी बूच हरवलं असेल तर नवं लावा. बारीक वस्तू आहे, पण या मातीत तिच्याशिवाय भागत नाही.

आत काय बघायचं

आधी ड्रम. आतली घासणारी बाजू बोटानं चाचपा. बारीक रेघा चालतात, नखाला अडणाऱ्या खोल चरा चालत नाहीत. निळसर डाग म्हणजे तो भाग फार तापला आहे. तडा दिसला तर ड्रम फेकायचाच. चर असेल तर लेथवर ड्रम खरडून घेता येतो, पण त्याला मर्यादा आहे. बहुतेक ड्रमवर चालणारा सर्वांत मोठा आतला व्यास ओतलेला असतो. १८० मिमीच्या ड्रमला साधारण १८२ ही शेवटची हद्द. खरडल्यानंतरचा व्यास त्याच्या आत बसायला हवा, नुसता आजचा नाही. चांगला लेथवाला आधी मापून ‘मालक, याच्यात आता काही राहिलं नाही’ असं स्पष्ट सांगतो, त्याचं ऐकावं. एक ड्रम खरडला तर दुसराही तेवढाच खरडून घ्यायचा, नाहीतर ब्रेक मारल्यावर गाडी एका बाजूला ओढते. उभा राहिलेला काठही त्याच वेळी काढून घ्या.

मग लायनर. चिकटवलेल्या लायनरची जाडी पत्र्यापासून १ मिमीच्या जवळ आली की बदलायची वेळ झाली. रिव्हेटवाले असतील तर रिव्हेटच्या डोक्यापासून उरलेली जाडी मोजा. पुढच्या बाजूचा लायनर मागच्यापेक्षा जास्त झिजलेला असला तर त्यात बिघाड नाही, चाकाच्या फिरण्यानं तो जास्त दाबला जातो. पण एकच लायनर वरून जाड आणि खालून पातळ असेल, किंवा डाव्या चाकाचे संपले आणि उजव्याचे जवळपास नवे असतील, तर काहीतरी अडकतंय. चकाकी आलेल्या लायनरला पॉलिश पेपर मारून परत वापरता येतं. ऑइल किंवा ग्रीस लागलेला लायनर मात्र परत वापरू नये. काही ठिकाणी तो पेट्रोलनं धुऊन किंवा जाळावर धरून परत बसवतात. त्यानं फक्त वरचा थर कोरडा होतो, ब्रेक तापल्यावर आतलं तेल पुन्हा वर येतं, आणि ते कळतं तुळजापूरच्या घाटात उतारावर. लायनर नेहमी दोन्ही चाकांचे एकदम बदलायचे.

व्हील सिलिंडरच्या दोन्ही टोकांच्या रबरी टोपीची कड नखानं हळूच उचला. आत कोरडं हवं. नुसता ओलसरपणा दिसला तर लक्ष ठेवा, ऑइलचा थेंब बाहेर आला तर रबरांचं किट किंवा पूर्ण सिलिंडर बदलावा लागेल. ते काम म्हणजे पाइप सोडणं, हवा काढणं. आधी केलेलं नसेल तर गाडी तिथेच ठेवून मिस्त्रीला घरी बोलवा. गळक्या सिलिंडरवर ड्रम लावून गाडी चालवत नेऊ नये. ओम्नी, ईकोमध्ये आत काळं दाट तेल दिसलं तर ते ॲक्सलच्या सीलमधून आलेलं असतं, ब्रेक ऑइल नव्हे. बोटावर घेऊन बघा, गिअर ऑइलला वेगळाच उग्र वास असतो.

बेअरिंग बोटानं हळू फिरवा. खरखर, अडखळणं किंवा डुलणं असेल तर बदला. ते दाबून बसवावं लागतं, त्यामुळे ड्रम घेऊन गॅरेजला जाणंच बरं. सगळ्यात शेवटी हँडब्रेकचा आतला लिव्हर हातानं ओढून सोडा. तो झटकन मागे गेला पाहिजे. रेंगाळला तर केबल बदला, तेल घालून ती फार दिवस चालत नाही.

बसवणे

बॅक प्लेटवर लायनरच्या पत्र्याची कड जिथे टेकते तिथे उंचवटे असतात. ते वायर ब्रशनं साफ करून त्यांवर उष्णता सोसणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. साधं पिवळं ग्रीस नको, तापल्यावर वितळून ते लायनरवर उतरतं. लायनरच्या तोंडाला ग्रीसचं बोट लागलं तर लगेच ब्रेक क्लीनरनं पुसा. नवा ड्रम असेल तर त्याला गंजू नये म्हणून तेल लावलेलं असतं, तेही धुऊन काढा.

लायनर पूर्ण आत घ्या: दोन लायनरमधली आपोआप जुळणारी पट्टी किंवा दातेरी चक्र सगळ्यात आखूड करा, हँडब्रेकचा लिव्हर अगदी मागे. दोन्ही लायनर डाव्या-उजव्या बाजूला सारखे दिसले पाहिजेत. नव्या लायनरवर ड्रम बसत नाही अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा इथेच सुटते. केबल अजून ताणलेली असते किंवा एक लायनर एका बाजूला सरकलेला असतो. सगळं बरोबर असूनही बसत नसेल तर दुकानातून आलेला नंबर तपासा, एकाच मॉडेलच्या दोन वर्षांच्या गाड्यांना लायनर वेगळे असू शकतात. ठोकून बसवू नका.

ड्रम सरळ धरून स्पिंडलवर सरकवा. मग वायसर, नवा नट. नट हातानं अनेक फेरे गेला पाहिजे, पहिल्या फेऱ्यालाच अडला तर आटे तिरके लागलेत. टॉर्क पान्यानं पुस्तिकेतल्या आकड्याइतका आवळा. ही शेवटची आवळणी चाक लावून गाडी खाली घेतल्यावर करणं सोपं आणि सुरक्षित. मग नटाची कड स्पिंडलच्या खाचेत ठोकून दाबा आणि टोपी चारी बाजूंनी हलक्या हातानं बसवा. काही गाड्यांच्या ड्रममध्ये निमुळत्या रोलरची बेअरिंगं असतात. त्यांचा नट करकचून आवळायचा नसतो. चाक फिरवत थोडं आवळून, मग मागे घेऊन, पुस्तिकेत सांगितलं तेवढाच ठेवायचा. ते घट्ट ठेवलं तर काही किलोमीटरमध्येच बेअरिंग जळतं.

आता लायनर जुळवणं. दोन्ही बाजूंचे ड्रम लागल्यावरच पेडलला हात, म्हणजे पाय, लावायचा. पेडल पाच-दहा वेळा दाबा, तळाला न टेकवता, हळू. जुन्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबलं तर मास्टर सिलिंडरची (पेडलनं दाबल्या जाणाऱ्या मुख्य सिलिंडरची) रबरं कधी न वापरलेल्या, गंज धरलेल्या भागावर घासून फाटतात. दाबण्यानं लायनर आपोआप ड्रमजवळ येतात. दातेरी चक्राच्या गाडीत चाक फिरवत, हलकी घासट लागेपर्यंत चक्र फिरवून एक-दोन दाते मागे घ्यायचे. फिरवताना थोडी घसघस ऐकू आली तर चालते, चाक अडायला नको.

हँडब्रेकची केबल सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही मागची चाकं वर घोडीवर असताना. हा क्रम उलटा करू नका. आधी केबल ताणून हँडब्रेक ‘चांगला’ केला तर आतला लिव्हर कायम ओढलेला राहतो, आपोआप जुळणारी पट्टी काम करेनाशी होते आणि पेडल खोल जायला लागतं. पाच-सात टिकटिकींत दोन्ही चाकं घट्ट धरली पाहिजेत आणि दांडा खाली घेतल्यावर दोन्ही मोकळी फिरली पाहिजेत. पुस्तिकेत टिकटिकींचा आकडा दिलेला असेल तर तोच धरा.

रबरी बूच परत लावा. चाकाचे नट समोरासमोरचे आवळा, ओळीनं गोल नाही. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी बघा. नव्या लायनरांसाठी पिस्टन आत ढकलले असतील तर ती वर येते, जास्त असेल तर काढा. हे ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवा, रंग उडतो.

रस्त्यावर

इंजिन बंद असताना पेडल दाबून धरा. कडक लागलं पाहिजे. दाबलेलं धरूनच इंजिन सुरू करा, पेडल थोडं खाली जाऊन थांबलं तर ठीक. मऊ, फुग्यासारखं लागलं तर आत हवा आहे, गाडी बाहेर काढायची नाही. सोलापूर सपाट, त्यामुळे हँडब्रेकच्या चाचणीला चढ शोधत हिंडायची गरज नाही. हँडब्रेक ओढून, पहिल्या गिअरमध्ये क्लच हळू सोडा, गाडी पुढे न सरकता बंद पडायला हवी. समोर माणूस किंवा भिंत नको, एवढं बघा.

पहाटे, जुळे सोलापूरकडच्या एखाद्या रिकाम्या रुंद रस्त्यावर, आधी चालण्याच्या वेगानं ब्रेक लावून बघा. मग ४० च्या वेगावरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, मध्ये ड्रम निवायला थोडं अंतर, असं आठ-दहा वेळा. नवे लायनर ड्रमशी हळूहळू जुळतात. पहिले काहीशे किलोमीटर घाटात लादलेली गाडी नेऊ नका. नेहमीही तुळजापूरचा घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवावी, म्हणजे ड्रमवर सगळा भार येत नाही.

चार-पाच किलोमीटर चालवून, शेवटी फार ब्रेक न वापरता थांबा आणि चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. मागचं एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम लागलं तर तिथला लायनर घासतोय. ती बाजू पुन्हा उघडून लिव्हर आणि केबल बघायची. दोन्ही सारखी कोमट असतील तर घरी येऊन बॅक प्लेटच्या मागे ओलं काही दिसतंय का ते बघा, आणि ५० ते १०० किमी झाल्यावर चाकाचे नट टॉर्क पान्यानं पुन्हा तपासा.